घरात कुठली आली ‘ऑर्गनायझेशन’? विंडोजवर फाइल शेअरिंग का अडतंय आणि काय करायचं

नवा लॅपटॉप घेतला. जुना डेस्कटॉप हॉलमध्ये तसाच आहे. दोन्ही एकाच वाय-फायवर. डेस्कटॉपवरचं फोटोंचं फोल्डर लॅपटॉपवर उघडायला जावं, तर समोर पाटी येते की तुमच्या ऑर्गनायझेशनच्या सिक्युरिटी पॉलिसीमुळे हे फोल्डर उघडता येणार नाही. अरे, घर आहे हे! इथे कसली ऑर्गनायझेशन आणि कसली पॉलिसी? कालपर्यंत तर चालत होतं.

गेल्या वर्ष-दीड वर्षात ही तक्रार खूप जणांची आहे. बहुतेकांना वाटतं की राउटर बिघडला किंवा आपलंच कुठलं तरी बटण चुकून दाबलं गेलं. खरं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. विंडोजने घरातल्या नेटवर्कविषयीचे आपले नियमच बदललेत, आणि ते बदल सामान्य माणसाला कळतील अशा भाषेत सांगितलेच नाहीत. हे नियम नक्की काय आहेत, ते का आले आणि घर सुरक्षित ठेवून शेअरिंग परत कसं चालू करायचं, ते आज बघू.

आधी एक प्रश्न: हवंच कशाला हे?

व्हॉट्सॲप आहे, ड्राइव्ह आहे, मग हा खटाटोप का? हिशेब करून बघा. तुमच्याकडे १० जीबीचे लग्नाचे व्हिडिओ आहेत आणि ३० एमबीपीएसचा प्लॅन आहे. ड्राइव्हवर चढवायला साधारण पाऊण तास, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवायला पुन्हा पाऊण तास. शिवाय गूगलच्या फुकटच्या १५ जीबीतली बरीचशी जागा गेली. हीच फाइल घरातल्या घरात साध्या गिगाबिट केबलवरून दीड-दोन मिनिटांत जाते. चांगल्या वाय-फायवर थोडा जास्त वेळ लागेल, पण इंटरनेटचा एक एमबीसुद्धा खर्च होत नाही. दोन्ही मशीन एकाच खोलीत असताना फाइल लांबच्या सर्व्हरला प्रदक्षिणा घालून आणायची काहीच गरज नाही.

नियम नेमके कुठे बदलले?

विंडोजमधलं फाइल शेअरिंग एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं. त्याचा जन्म १९८० च्या दशकातला, आयबीएममधला. तेव्हा ऑफिसच्या एका मजल्यावरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असायचे आणि बाहेरचं कोणी आत येईल ही कल्पनाच नव्हती. त्यामुळे या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी १, अगदी भोळी होती.

या भोळेपणाची किंमत २०१७ मध्ये कळली. मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टने एसएमबीतलं एक मोठं भोक बुजवणारा अपडेट दिला होता, पण असंख्य लोकांनी तो टाकलाच नाही. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर त्याच भोकातून शिरलं आणि सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरच्या फाइल कुलूपबंद करून बसलं. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम कोलमडलं. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आलं, तेही याच वाटेने पसरत गेलं. त्याचा फटका आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला होता. कोणी लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. नेटवर्कवरचं एक मशीन पडलं की ते शेजारच्या मशीनचं दार ठोठावत सुटायचं.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टने दारं एकेक करून बंद करायला घेतली. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० पासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ मिळेनासं झालं. विंडोज ७ पासून असलेली, वापरायला सोपी होमग्रुप सोय २०१८ मध्ये काढून टाकली. आणि सगळ्यात मोठा बदल आला ऑक्टोबर २०२४ मध्ये, विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत.

त्यात दोन गोष्टी झाल्या. पहिली, प्रो, एंटरप्राइझ आणि एज्युकेशन आवृत्त्यांत साइनिंग सक्तीचं झालं. म्हणजे दोन कॉम्प्युटरमध्ये जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर एक डिजिटल सही असते. वाटेत कोणी पाकीट फोडून आत काही कोंबलं, तर सही जुळत नाही आणि पाकीट फेकून दिलं जातं. दुसरी, पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून दुसऱ्या मशीनवर शिरण्याची सवलत प्रो आवृत्तीतही बंद झाली. एंटरप्राइझ आणि एज्युकेशनमध्ये ती आधीच बंद होती.

या दोन्हींचा एकमेकांशी घट्ट संबंध आहे. सही करायला किल्ली लागते आणि ती किल्ली तुमच्या पासवर्डवरून तयार होते. गेस्टला पासवर्डच नसतो, म्हणून किल्ली नाही, म्हणून सही नाही. म्हणजे साइनिंग सक्तीचं केलं की गेस्टचा पत्ता आपोआप कट होतो. तुमच्या जुन्या डेस्कटॉपवर ‘पासवर्ड नको, सगळ्यांना खुलं’ असं सेटिंग असेल किंवा राउटरला लावलेली हार्ड डिस्क पासवर्डशिवाय उघडत असेल, तर नवा लॅपटॉप तिथे जायला नकार देतो. सुरुवातीला सांगितलेली ती ‘ऑर्गनायझेशन’ची पाटी इथून येते. ती लिहिली गेली कंपन्यांसाठी आणि दिसतेय तुमच्या हॉलमध्ये.

कंपनीचं बरोबर आहे का?

बदलामागचं कारण पटण्यासारखं आहे. दहा वर्षांपूर्वी घरच्या वाय-फायवर एक लॅपटॉप आणि दोन फोन असायचे. आता तिथे स्मार्ट टीव्ही आहे, ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला सीसीटीव्ही कॅमेरा आहे, स्मार्ट बल्ब आहे, आणि पाहुण्यांनी पासवर्ड मागून जोडलेले पाच-सहा फोनही आहेत. यातल्या एखाद्या स्वस्तातल्या डिव्हाइसला वर्षानुवर्षं अपडेट मिळत नाही. तेव्हा ‘घरातलं नेटवर्क म्हणजे घरातलीच माणसं’ हे समीकरण आता चालत नाही.

पण बदल करायची पद्धत मात्र चुकली. अडचण आली की विंडोज कारण सांगत नाही, एक कोड फेकतं. मग माणूस यूट्यूबवर जातो. तिथे एखादा व्हिडिओ सांगतो की फायरवॉल बंद करा, एसएमबी १ चालू करा, या दोन कमांड पेस्ट करा. शेअरिंग चालू होतं, व्हिडिओला लाइक मिळतो, आणि २०१७ नंतर कष्टाने बंद केलेली दारं पुन्हा सताड उघडी राहतात. सुरक्षेचा नियम लोकांना समजला नाही, तर लोक तो मोडूनच पुढे जातात. तुम्हाला तो मोडावा लागू नये, म्हणून दुरुस्तीचा सरळ रस्ता खाली देतोय.

दुरुस्ती: याच क्रमाने जा

एकदम दहा सेटिंग बदलू नका. एक पायरी तपासायची, पुन्हा प्रयत्न करायचा, मगच पुढची.

१. दोन्ही मशीन खरंच एकाच नेटवर्कवर आहेत का?
सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग तुमच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे आयपीव्ही४ ॲड्रेस दिसेल. घरच्या नेटवर्कवर दोन्ही मशीनचे पहिले तीन आकडे सारखे असायला हवेत. एकाचा १९२.१६८.२९.५ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.७ असेल, तर समजा की घरात दोन राउटर आहेत आणि दोघांनी दोन वेगळी नेटवर्कं थाटली आहेत. इंटरनेट कंपनीच्या डब्याला स्वतःचा दुसरा राउटर जोडला की असं हमखास होतं. दुसऱ्या राउटरला त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाका.

आकडे सारखे आहेत, तरी मशीन एकमेकांना भेटत नाहीत? मग एखादं मशीन ‘गेस्ट’ वाय-फायवर आहे का ते बघा. गेस्ट वाय-फायचं कामच हे असतं की पाहुण्याला इंटरनेट द्यायचं, घरातलं काही दाखवायचं नाही. काही राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाचं बटणही असतं. तुमच्या मुख्य वाय-फायवर ते बंद हवं. लॅपटॉपवर व्हीपीएन चालू असेल, तर तेही तात्पुरतं बंद करून बघा.

२. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ आहे का?
त्याच प्रॉपर्टीजच्या पानावर पब्लिक आणि प्रायव्हेट असे दोन पर्याय दिसतात. पब्लिकवर असताना विंडोज तुमचं मशीन इतरांपासून लपवतं. घरच्या वाय-फायसाठी प्रायव्हेट निवडा. पण हॉस्टेल, पीजी, कॉलेज किंवा कॅफेच्या वाय-फायवर पब्लिकच ठेवा. वीस मुलांचं पीजी हे ‘घर’ असलं, तरी ते नेटवर्क तुमचं नाही.

३. शेअरिंगची बटणं चालू आहेत का?
नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, तिथे ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. प्रायव्हेट नेटवर्कखाली ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ दोन्ही ऑन करा. खाली ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ दिसेल, तेही ऑनच ठेवा. ते ऑफ करायला सांगणारा सल्ला जुना झाला. आता ते ऑफ केलं की उलट अडचण वाढते, कारण समोरचा विंडोज ११ प्रो गेस्टला मानतच नाही.

४. नाव सोडा, थेट पत्त्यावर जा
फाइल एक्सप्लोररच्या डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’ यादीत मशीन दिसत नाही, म्हणून बरेच जण हात टेकतात. पण यादीत दिसणं आणि जोडता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सप्लोररच्या ॲड्रेस बारमध्ये दोन बॅकस्लॅश टाका, त्यांना चिकटून समोरच्या मशीनचा आयपी ॲड्रेस इंग्रजी आकड्यांत लिहा आणि एंटर दाबा. आता तीनपैकी एक गोष्ट होईल.

- फोल्डर दिसली: शेअरिंग ठणठणीत आहे, फक्त यादीची अडचण आहे. समोरच्या मशीनवर सर्व्हिसेसमध्ये ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ शोधा, ती ऑटोमॅटिक करून सुरू करा. तेही नको असेल, तर या पत्त्याचा शॉर्टकट करून ठेवा, काम भागतं.
- नाव-पासवर्ड मागितला: दारापर्यंत पोचलात, आता फक्त ओळख पटवायची आहे. पाचव्या पायरीवर जा.
- बराच वेळ फिरून एरर आली: ०एक्स८००७००३५ हा कोड म्हणजे ‘त्या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही’. समोरचं मशीन झोपलंय का ते आधी बघा. स्लीपमध्ये गेलेला लॅपटॉप शेअरिंग करत नाही, आणि हे कारण जितकं साधं तितकंच नेहमीचं आहे. ते जागं असेल, तर त्यावरच्या वेगळ्या अँटिव्हायरसची फायरवॉल तपासा. त्यात घरचं नेटवर्क ‘ट्रस्टेड’ म्हणून नोंदवा, अख्खी फायरवॉल बंद करू नका.

५. पासवर्ड बरोबर आहे, तरी घेत नाही?
सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. तुम्ही रोज लॅपटॉप उघडताना जो चार-सहा आकडी पिन टाकता, तो इथे चालत नाही. पिन त्या एका मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून येणाऱ्याला खरा पासवर्ड लागतो. रिकामा पासवर्डही चालत नाही, कारण पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज फक्त त्या मशीनसमोर बसूनच आत येऊ देतं.

यात नवी भर अशी की मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टची नवी खाती मुळातच पासवर्डशिवाय, म्हणजे पासकीवर उघडली जातात. पासवर्डच नसेल तर टाकणार काय? यावर स्वच्छ उपाय म्हणजे ज्या मशीनवर फाइल आहेत, तिथे शेअरिंगपुरतं एक वेगळं लोकल खातं उघडा. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, अदर यूजर्स, ॲड अकाउंट. ईमेल मागितला की ‘या व्यक्तीची साइन-इन माहिती माझ्याकडे नाही’ या अर्थाचा पर्याय घ्या, पुढे ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय यूजर’ निवडा. नाव सोपं ठेवा, पासवर्ड दमदार ठेवा. या खात्याला ॲडमिन करू नका.

लॉगिन करताना यूजरनेममध्ये त्या मशीनचं नाव, एक बॅकस्लॅश आणि मग खात्याचं नाव लिहा. जुना चुकीचा पासवर्ड साठवलेला असेल, तर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन ती नोंद काढून टाका.

६. दार उघडलं, पण फोल्डरमध्ये जाता येत नाही?
विंडोजमध्ये परवानगीचे दोन थर आहेत. एक शेअरिंगचा, दुसरा ड्राइव्हवरच्या सिक्युरिटीचा. दोन्हींपैकी जो कडक, तो लागू होतो. गोंधळ टाळायचा असेल, तर फोल्डरवर राइट क्लिक करून ‘गिव्ह ॲक्सेस टू’ आणि ‘स्पेसिफिक पीपल’ घ्या, नवीन केलेलं खातं निवडा आणि ‘रीड’ किंवा ‘रीड-राइट’ ठरवा. या मार्गाने दोन्ही थर एकदमच जुळतात. फक्त बघायचं असेल, तर ‘रीड’ पुरे. आणि अख्खा सी ड्राइव्ह शेअर करू नका, देण्याघेण्यासाठी एकच वेगळं फोल्डर ठेवा.

एवढं करूनही अडलं तर

दोन ताजी कारणं आहेत. सप्टेंबर २०२५ च्या विंडोज अपडेटनंतर, नेटबायॉस या जुन्या पद्धतीने एसएमबी १ वापरणारी कनेक्शन तुटू लागली आणि मायक्रोसॉफ्टने ती अडचण मान्य केली. घरात एखादं जुनं डिव्हाइस त्या सुमारास अचानक बंद पडलं असेल, तर हे कारण असू शकतं.

दुसरं कारण क्लासेस, सायबर कॅफे किंवा दुकानातून असेम्बल केलेल्या पीसींचं. एका मशीनवर विंडोज टाकून त्याच डिस्कची कॉपी चार मशीनवर मारली, तर चौघांचा आतला ओळख क्रमांक एकच राहतो. पूर्वी हे खपून जायचं. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या २४एच२ आणि २५एच२ आवृत्त्या अशी जुळी मशीन ओळखतात आणि पासवर्ड अगदी बरोबर असला तरी नाकारतात. यावर पक्का इलाज म्हणजे त्या मशीनवर विंडोज नीट, नव्याने टाकणं.

जुनी हार्ड डिस्क, जुना राउटर, जुनं विंडोज

राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क किंवा जुना एनएएस उघडत नसेल, तर आधी त्याचं फर्मवेअर अपडेट करा. मग त्याच्या सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ निवडा आणि गेस्टऐवजी नाव-पासवर्ड लावा. बरीच डिव्हाइस एवढ्यावर चालू होतात. त्यात फक्त एसएमबी १ च असेल, तर ती डिस्क काढून थेट डेस्कटॉपला लावा आणि तिथून शेअर करा. डिस्कमध्ये काही खोट नसते, तिच्यासमोरचा दरवानच म्हातारा झालेला असतो.

साइनिंग बंद करून गेस्ट चालू करणाऱ्या त्या दोन कमांड चालतात, हे खरं आहे. पण त्यानंतर तुमचा लॅपटॉप नेटवर्कवरच्या कुठल्याही मशीनवर ओळख न विचारता विश्वास ठेवतो. हा लॅपटॉप उद्या कॉलेजच्या वाय-फायवरही जाणार आहे, आणि सेटिंग त्याच्यासोबतच जाणार आहे.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुना डेस्कटॉप विंडोज ११ ला चालत नसेल, तर ईएसयू योजनेत नाव नोंदवा, म्हणजे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. आपल्याकडे त्यासाठी पैसे मोजणं हा एकच मार्ग नाही, मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तरी नोंदणी होते. वॉनाक्रायने ज्यांना गाठलं, त्यांच्याकडे अपडेट टाकलेला नव्हता, हे विसरू नका.

आणि फोनचं काय?

शेअरिंग एकदा बसलं की फोनवरही तेच फोल्डर उघडतं. आयफोनच्या फाइल्स ॲपमध्ये ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोररसारखं ॲप चालतं. डेस्कटॉपवरचा सिनेमा फोनवर बघायचा असेल, तर व्हीएलसी थेट नेटवर्कवरून चालवतं. आयफोनने ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी मागितली तर त्या ॲपला ती द्या, नाहीतर त्याला काहीच दिसणार नाही.

एखाद-दुसरी फाइलच पाठवायची असेल, तर शेअर्ड फोल्डरच्या वाटेला जाऊच नका. शेअरइट आणि झेंडर २९ जून २०२० च्या बंदीत गेले, पण आता क्विक शेअर विंडोजवरही मिळतं आणि लोकलसेंड हे फुकट, ओपन सोर्स ॲप फोन, विंडोज, मॅक सगळीकडे चालतं. फरक लक्षात ठेवा. यात दर वेळी कोणीतरी ‘ॲक्सेप्ट’ दाबतं आणि फाइल गेली की दार बंद होतं. शेअर्ड फोल्डर म्हणजे कायम किलकिलं ठेवलेलं दार. रोजच्या वापराला ते सोयीचं आहे, पण म्हणूनच त्याला कुलूप हवं. पाच मिनिटं काढून लोकल खातं आणि पासवर्ड लावलात, तर पुढची काही वर्षं या विषयाकडे बघावं लागणार नाही, आणि एखाद्या स्वस्त कॅमेऱ्याच्या मागून कोणी तुमच्या फोटोंपर्यंत पोचण्याची भीतीही बरीच कमी होईल.